आठवडा सातवा : टीका

विभागप्रमुखांनी “बसा” म्हटलं, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षांत त्यांनी बाईंना बसायला सांगितल्याचं हे दुसरं उदाहरण होतं. पहिल्या वेळी खुर्चीचा पाय मोडका होता.

टेबलावर दोन कागद होते. एक बाईंच्या कायम नेमणुकीचा आदेश. टंकून, तपासून, नाव बरोबर लिहून तयार. फक्त सही राहिलेली. दुसरा ‘परिणामकारक परोपकार’ या विषयाचा अभ्यासक्रम. त्यातल्या ‘आठवडा सातवा : टीका’ या ओळीखाली लाल रेघ होती. रेघ ओढणाऱ्याचा हात जड असावा, कागद जरा फाटला होता.

बाई तत्त्वज्ञान विभागात कंत्राटी प्राध्यापक होत्या. विद्यापीठ त्यांना दर वर्षी अकरा महिन्यांसाठी नेमत असे. बाराव्या महिन्यात त्या कोणीच नसत, आणि त्यापुढच्या महिन्यात विद्यापीठाला त्यांची नव्याने ओळख होई. असं अकरा वेळा झालं होतं. त्यामुळे आदेशाचा तो कागद त्यांच्या बाजूने उलटा ठेवलेला असूनही बाईंना सगळा वाचता येत होता.

‘परिणामकारक परोपकार’ हा विषय तीन वर्षांपूर्वी एका विश्वस्त संस्थेच्या निधीतून सुरू झाला. गाभा सोपा होता. भलं करायचंच तर मन भरून येतं तिथे करू नये, जिथे सर्वात जास्त उपयोग होतो तिथे करावं. आणि उपयोग मोजावा. ओळखीच्या एकाला हात द्यायच्या खर्चात अनोळखी दहा जण वाचत असतील, तर अनोळखी निवडावेत. बाईंना हे पटलेलं होतं. पगाराचा दहावा हिस्सा त्या खरोखरच दूरच्या माणसांसाठी देत, आणि घराबाहेर कोणाला सांगत नसत. पण... हे ‘पण’ त्यांचं फार. मुलं माघारी त्यांना ‘पणबाई’च म्हणत. ज्या विषयाला त्याचे विरोधक शिकवले जात नाहीत त्याला विषय म्हणू नये, जाहिरात म्हणावं, असं त्यांचं मत होतं. म्हणून चौदांपैकी सातवा आठवडा त्यांनी विरोधकांना दिला.

“‘टीका’ म्हणजे काय, बाई?” विभागप्रमुखांनी विचारलं.

प्रश्न साधा होता, आणि सगळा घोटाळा त्यातच होता. अभ्यासक्रमाला मंजुरी देणाऱ्या अभ्यासमंडळाचे अध्यक्ष म्हणजे अप्पा. वय ऐंशी, सगळी हयात जुन्या पोथ्यांत गेलेली. अप्पांच्या जगात टीका म्हणजे मूळ ग्रंथातले अवघड शब्द सोडवून त्याचा अर्थ वाचकाच्या पदरात घालणारं लिखाण. ग्रंथावर टीका लिहिणारा हा त्या ग्रंथाचा सगळ्यात मोठा भक्त. टीका विरोधक करतात, ही त्यांच्या मते वर्तमानपत्रांनी उठवलेली अफवा होती. त्यामुळे ‘टीका : पाच वाचनं’ ही ओळ पाहून अप्पांचा ऊर भरून आला होता. कोणीतरी अजून मुलांना टीका वाचायला लावतंय म्हणून त्यांनी सही ठोकली, आणि अप्पांची सही पाहून बाकीच्यांनी ठोकली.

गैरसमज अप्पांचा होता. बाईंचा मुळीच नव्हता. त्यांनी आधी ‘विरोधी मतं’ असंच लिहिलं होतं. मग अप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून ते खोडलं आणि ‘टीका’ लिहिलं. शब्द खोटा नाही, असं स्वतःला समजावलं. नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही. सगळे युक्तिवाद हाताशीच असतात.

गाडी छान चालली होती. सोमवारी संस्थेच्या समन्वयकांनी ती पाच वाचनं उघडली. पहिल्या चार लेखांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं; ते लेख इतके विद्वत्तापूर्ण होते की त्यांनी कोणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. पाचवा लेख नव्हता. ते एका परिचारिकेचं दीड पानी पत्र होतं. ती ज्या वस्तीत काम करत होती तिथे पाणी शुद्ध करायचे थेंब फुकट वाटले जात. कोण वाटतं ते तिने नाव घेऊन लिहिलं होतं. ज्यांच्या निधीवर हा विषय चालला होता, तेच.

“मला टीकेचं वावडं नाही,” विभागप्रमुख म्हणाले. मग त्यांनी चार बोटं वर केली. निधी थांबला तर ग्रंथालयातली मदतनीस जाईल. संशोधन करणाऱ्या दोन मुली जातील. आणि बाई. “एका बाजूला चार माणसं, दुसऱ्या बाजूला दीड पान. तुमच्याच पद्धतीने मांडलंय मी.”

बाईंनी मांडणीत चूक शोधली. सापडेना. विभागप्रमुखांनी हा विषय कधी शिकवला नव्हता, पण तो त्यांच्या अंगात भिनला होता.

मार्गही त्यांनीच काढून ठेवला होता. गुरुवारी दहाला मंडळाची तातडीची सभा. टीका म्हणजे भाष्य, असं अप्पा आपणहून सांगणारच. तसं इतिवृत्तात लिहायचं, पाच वाचनांच्या जागी पाच बिनत्रासाची भाष्यं घालायची. लगेच पुढचा विषय, बाईंना कायम करण्याचा. त्याला मान्यता, आणि सही तिथल्या तिथे. बारा वाजता बाईंनी कायम होऊन सातव्या आठवड्याच्या तासाला जायचं.

“तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाहीये,” ते म्हणाले. “फक्त गप्प बसायचंय. पाच मिनिटं.”

बाई उठल्या. आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतला, आता गप्प बसण्याचा कायमचा मिळणार, असं त्यांच्या मनात आलं. ते त्या बोलल्या नाहीत. म्हणजे सराव सुरू झाला होता.

संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात लसूण सोलत होता. तो परिवहन खात्यात गाड्यांची वेळापत्रकं बनवायचा, आणि स्वतः कुठेही पंधरा मिनिटं उशिरा पोचायचा. बाईंनी झालेलं सगळं सांगितलं. शब्द आपण मुद्दाम निवडला होता, हेही सांगितलं. ते त्याला आधी माहीत नव्हतं.

“टीका करायला अभ्यासक्रम कशाला लागतो तुला,” तो म्हणाला. “घरी तर वर्षाचे बारा महिने चालू असते. खंडही पडत नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्याने सुरी खाली ठेवली. बाईंनी मग त्याला परिचारिकेबद्दल सांगितलं. पत्र वर्गात वाचू का, म्हणून विचारलं होतं तेव्हा तिने उलट विचारलं होतं, किती जण ऐकतील. चाळीस, असं बाईंनी कळवलं. त्यावर तिचं उत्तर आलं होतं : आमच्या आरोग्य केंद्राच्या बैठकीत दोघं होते, त्यातला एक फोनवर होता.

नवऱ्याने सोललेला लसूण वाटीत सारला. मग म्हणाला, “कायम झालीस तर बरंच होईल. नाही झालीस तर आहे तसं चालू. ‘आहे तसं’ आपल्याला चांगलं येतं. पण गप्प बसून मिळालेली वस्तू तू घरात आणलीस, तर ती कायम मला ऐकावी लागेल. माझाही विचार कर.”

बुधवारी सकाळी बाईंनी ठरवलं, की सभेआधी अप्पांना खरं सांगून टाकायचं. एकट्यात सांगितलं तर निदान चारचौघांत त्यांची शोभा होणार नाही. त्यांनी फोन लावला. “अप्पा, सातव्या आठवड्याबद्दल बोलायचं होतं,” एवढंच म्हटलं, आणि पुढचं बोलायची संधी अप्पांनी दिली नाही. ते खुशीत होते. गुरुवारच्या तासाला ते स्वतः येणार होते, मागे बसून टीका ऐकायला. सुनेला सांगून चष्म्याची काडीही दुरुस्त करून घेतली होती. आजकाल टीकेला विचारतो कोण, बाई, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला झाला.

बाई “हो, अप्पा” म्हणाल्या. मग “ठेवते” म्हणाल्या. 

गुरुवारी दहाला सभा सुरू झाली. लांब टेबलाच्या एका टोकाला अप्पा, दुसऱ्या टोकाला विभागप्रमुख. मधे मंडळाचे दोन सदस्य, ज्यांचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याशी जुळत असे. निमंत्रित म्हणून समन्वयक. आणि भिंतीच्या बाजूला बाई. कंत्राटी असल्यामुळे त्यांना सभेत मत नव्हतं, फक्त चहा होता.

समन्वयक तिशीतल्या, शांत, कामाला वाहून घेतलेल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की संस्थेला टीका हवीच असते. दर वर्षी संस्था स्वतःवरच्या सर्वोत्तम टीकेला बक्षीस देते. सर्वोत्तम कुठली ते संस्थाच ठरवते. फक्त टीकासुद्धा परिणामकारक हवी. त्यासाठी त्यांनी एक तक्ता केला होता. टीका रचनात्मक आहे का, आकडे आहेत का, पर्याय सुचवलाय का, अशा रकान्यांत पाचही वाचनांना गुण दिले होते. परिचारिकेच्या पत्राला वीसपैकी तीन पडले होते. त्यातले दोन नीटनेटकेपणाचे होते.

“पण इथे तो प्रश्नच येत नाही,” विभागप्रमुख घाईने म्हणाले. “शब्दाच्या अर्थाचा थोडा गोंधळ झालाय. अप्पा, तुम्ही मंजुरी दिलीत ती कुठल्या अर्थाने, तेवढं सांगा. म्हणजे लिहून घेऊ.”

अप्पांनी दुरुस्त केलेला चष्मा लावला. घरून ते एक कागद लिहून घेऊन आले होते. टीका म्हणजे काय, हे त्यांनी सावकाश वाचलं. मूळ म्हणणं उलगडून दाखवते, त्याच्यातला एकही शब्द अंधारात ठेवत नाही, ती टीका. “मी याच अर्थाने सही केली,” ते म्हणाले. “दुसरा अर्थ माझ्या मनात नव्हता.”

विभागप्रमुखांनी सुटकेचा श्वास सोडला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आला. इतिवृत्त लिहिणाऱ्या लेखनिकाला ते सांगू लागले : ‘टीका’ म्हणजे भाष्य, असे मा. अध्यक्षांनी स्पष्ट केले. सबब वाचने बदलण्यात यावीत. त्यांनी आदेशाचा कागद फाईलमधून काढून वर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सांगितलेल्या पाच मिनिटांपैकी तीन झाली होती. दोन मिनिटं गप्प बसणं हे काही पाप नव्हे. चार माणसं. त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. लेखनिक ‘सबब’पर्यंत पोचला होता.

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

 विभागप्रमुखांनी डोळे मिटले.

“अप्पा हा शब्द कसा वाचतील ते मला माहीत होतं. म्हणून तोच लिहिला. दुसरा शब्द लिहिला असता तर तुम्ही मंजुरी दिली नसती, असं मला वाटलं. गैरसमज झालेला नाही. मी करवून घेतला.”

लेखनिकाने वर पाहिलं. हे लिहायचं की नाही, ते त्याला कोणी सांगेना.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात दोन्ही सदस्यांनी चहा संपवला.

“मला विचारलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुम्हाला?”

“हो, अप्पा.”

“बरोबर वाटलं. नाहीच म्हटलं असतं.” अप्पांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. “काय आहे त्या पत्रात? वाचा.”

विभागप्रमुख म्हणाले, की विषयपत्रिकेत वाचनाचा विषय नाही. अप्पा त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, की अध्यक्ष मी आहे, ही गोष्ट तरी पत्रिकेत असेल.

बाईंनी वाचलं. पहिल्या ओळीला आवाज कापला, मग सावरला.

“थेंब चांगले आहेत. मी स्वतः वापरते. मुलांचे जुलाब कमी झाले हे खरं, आणि ते तुम्ही मोजलंत हेही खरं. पण पूर्वी इथल्या बायका दर महिन्याला रिकामी भांडी घेऊन पाणीपुरवठा कार्यालयाच्या दारात बसायच्या. त्यांच्या तोंडाला घाबरून का होईना, नळ दुरुस्त व्हायचा. आता साहेब म्हणतात, तुम्हाला थेंब मिळतात ना. नळ दोन वर्षं बंद आहे. बायकाही आता जात नाहीत, सवय मोडली. थेंब आणायचं ठरलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित आम्ही हो म्हटलं असतं. पण मग नळाचंही बोललो असतो. हे तुमच्या अहवालात कुठल्या पानावर लिहायचं असतं, ते कळवावं.”

पत्र संपलं. पुढे सही होती आणि हुद्दा.

अप्पा समन्वयकांकडे वळले. “खरं आहे का हे?”

समन्वयकांनी लॅपटॉप जवळ ओढला, काहीतरी उघडलं, वरखाली केलं. पुन्हा वरखाली केलं. सगळे त्यांच्या बोटांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी झाकण मिटलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे नळाचा रकाना नाही.”

उत्तर प्रामाणिक होतं, आणि ते देताना त्यांचा चेहरा उतरला. विभागप्रमुखांना ती चार बोटं आता टेबलाखाली मोजावीशी वाटत असणार.

 अप्पा बोलू लागले ते हळू, पण मधे कोणी घुसू नये अशा बेताने. हे पत्र शिकवण्याजोगं आहे, असं ते म्हणाले. मूळ म्हणण्यातला एकही शब्द या मुलीने अंधारात ठेवलेला नाही. थेंब चांगले, हेही पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय. तेव्हा सातवा आठवडा राहील. नाव बदलावं. ‘आक्षेप’ लिहावं, म्हणजे आंधळ्यालाही कळेल.

लेखनिकाने ‘आक्षेप’ लिहून घेतलं.

“आणि दुसरं,” अप्पा म्हणाले, “बाई, ती परिचारिका काय म्हणते? आमचं भलं केलंत, पण आम्हाला विचारलं नाहीत. तुम्ही माझ्या बाबतीत तेच केलंत. नाही म्हणायचा हक्क माझा होता. तो तुम्ही मुलांच्या भल्यासाठी काढून घेतलात. मंडळाला फसवणाऱ्या माणसाला त्याच मंडळाने त्याच सभेत कायम करावं, हे मला जमणार नाही. पुढचा विषय तहकूब.”

“तहकूब म्हणजे पुढच्या सभेपर्यंत?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“तहकूब म्हणजे तहकूब. याला तरी दुसरा अर्थ नाही.”

दोन्ही ठराव अप्पांनीच मांडले. दोन्ही सदस्यांचे हात दोन्ही वेळा वर गेले. निधीचं काय, असं विभागप्रमुखांनी समन्वयकांना विचारलं. पुढच्या वर्षीचं मी आता सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्या सोडून सगळ्यांना त्याचा अर्थ समजला.

बाहेर जिन्यात विभागप्रमुखांनी बाईंना गाठलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. त्यांनी आदेशाचा कागद दोनदा दुमडला होता. “दोन मिनिटं, बाई,” ते म्हणाले. “दोनच मिनिटं राहिली होती.”

“हो सर,” बाई म्हणाल्या. मदतनीस आणि त्या दोन मुली त्यांच्या मनातून हलत नव्हत्या. त्यांनाही आपण विचारलं नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.  कठडा धरून त्या वर चढल्या.

बारा वाजून सात मिनिटांनी त्या वर्गात शिरल्या. अप्पा येणार होते तिथे, शेवटच्या बाकाच्या कडेला, आता समन्वयक बसल्या होत्या. अप्पा घरी गेले होते. बाईंनी फळ्यावर ‘आक्षेप’ लिहिलं. आठवड्याचं नाव बदललं आहे, आधीचं नाव मी लबाडीने ठेवलं होतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. समोरच्या मुलीने तेही वहीत उतरवून घेतलं.

मग पत्र वाचलं. या वेळी आवाज कापला नाही. वाचून झाल्यावर त्या थांबल्या. मुलं खिडकीबाहेर, एकमेकांकडे, फळ्याकडे बघत होती. अर्ध्यांनी ऐकलं होतं, अर्ध्यांनी ऐकल्यासारखं केलं होतं.

मधल्या रांगेतला एक उंच मुलगा उठला. “मॅडम, हे परीक्षेला आहे का?”

हे मंडळाने ठरवलं नव्हतं. विचारायला आता कोणी नव्हतं, आणि असतं तर ‘पुढच्या सभेत’ म्हणाले असते. बाईंनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. समन्वयकांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. त्यांनी फक्त लॅपटॉप बाजूला सारला आणि शेजारच्या मुलाकडे कागद मागितला.

“आहे,” बाई म्हणाल्या. “अनिवार्य.”

वर्गभर पेनांची टोपणं निघाल्याचा आवाज झाला. उंच मुलगा खाली बसला, वही उघडली आणि म्हणाला, “मग परत एकदा वाचा ना, मॅडम. जरा सावकाश.”

बाईंनी कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.